गाब्बाच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्हाला देऊळ आठवेल, नाहीतर शाळा. मी त्यातली नव्हे. मी रेनडियरच्या गळ्यात बांधायची घंटा आहे. तांब्याची, पोचे पडलेली, आणि आता मुकी. मुकी का, ते सांगायलाच मी बसले आहे.

स्वीडनच्या उत्तर टोकाला रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या एका घरात मी जन्मले, तेही कॉफीच्या किटलीतून. त्या घरातल्या छोट्या योव्नाच्या आजीची किटली चुलीवर जळून जळून तिचं बूड गेलं. त्या घरात कॉफीशिवाय पान हलत नसे, त्यामुळे नवी किटली लगेच आली. पण जुनी फेकायची कशी? ती माणसं काहीच फेकत नाहीत. रेनडियर मारला तर मांस धुरावर सुकवतात, कातडं अंथरतात, शिरांचा दोरा वळतात, शिंगांच्या सुरीसाठी मुठी करतात. आजोबांनी किटलीचा पत्रा कापला, ठोकून वळवला आणि आत कातडी वादीने शिंगाचा लोलक टांगला. आवाज निघाला तो भसाडा.

"हिला सर्दी झालीय का काय?" आजी म्हणाली. सगळे हसले. मला राग आला, खोटं कशाला सांगू! पण तोच भसाडा आवाज पुढे कामाला आला. आसपासच्या कुठल्याच कळपाच्या घंटेचा आवाज तसा नव्हता.

माझं काम सोपं होतं. हिवाळाभर कळप खालच्या जंगलात बर्फ उकरून पांढरं शेवाळ खायचा. एप्रिलमध्ये माद्या गाभण असायच्या आणि पिलं व्हायच्या आत त्यांना वर डोंगरात न्यायचं असायचं. वाट गोठलेल्या मोठ्या तळ्यावरून जायची. पुढे दोरीने धरलेला एक शांत नर, त्याच्या गळ्यात मी, आणि मागे सगळा कळप. मी वाजले की माद्या मान वर करायच्या आणि चालू लागायच्या. त्यांना वाट ठाऊक नसे, मी ठाऊक होते. बर्फाच्या वादळात पुढचा नर दिसला नाही तरी त्या माझ्यामागे यायच्या. एवढा विश्वास माझ्यावर माणसांनीसुद्धा कधी टाकला नाही.

योव्ना मोठा झाला, म्हातारा झाला. त्याची शिस्त कडक. एका रानातलं शेवाळ चरून झालं की ते रान कित्येक वर्षं मोकळं सोडायचं. "आपण सगळं ओरबाडलं तर नातवंडांनी काय बर्फ खायचा?" असं तो म्हणायचा. त्याची मुलगी रिस्तेन धुरावलेलं मांस आणि कातड्याच्या पिशव्या हिवाळ्याच्या जत्रेत विकायची. त्यावर घर नीट चालायचं. एकदा जत्रेत एका पाहुणीने मला हातात घेतलं आणि किंमत विचारली.

"विकायची नाही," रिस्तेन म्हणाली. "ती नोकरीवर आहे."

मित्रांनो, त्या दिवशी मी उगाचच दोनदा वाजले.

पुढे रेनडियरच्या गळ्यात यंत्राचे पट्टे आले. कळप कुठे आहे ते फोनवर दिसू लागलं. रिस्तेनचा भाऊ आस्लात बर्फगाडी घेऊन कळप हाकू लागला. मी सहा वर्षं खिळ्यावर लटकले. कुणी माझी धूळही पुसली नाही.

मग तो वाईट हिवाळा आला. जानेवारीत पाऊस पडला, तो गोठला, आणि शेवाळावर काचेसारखा बर्फाचा थर बसला. रेनडियर खुरांनी उकरून दमले. माद्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. एप्रिलमध्ये त्या गाडीच्या आवाजाला बुजून इकडेतिकडे पांगायच्या, पुढे काही जायच्या नाहीत. शेवटी योव्नाने मला खिळ्यावरून काढलं आणि गाब्बाच्या गळ्यात बांधलं. गाब्बा म्हणजे पांढरा. तो नर होताही तसाच, नखशिखांत पांढरा. मी वाजले, आणि सगळ्या माद्यांच्या माना वर झाल्या. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "बघा! विसरल्या नाहीत हिला," तो म्हणाला.

तळ्याच्या काठाशी आलो तेव्हा रिस्तेन थांबली.

"बाबा, इथं कडेला बर्फ खचलाय. खालचं पाणी सोडलंय त्यांनी."

तळ्याच्या खालच्या टोकाला वीज कंपनीचं धरण होतं. पाणी सोडायच्या आधी फोन करायचा, असं ठरलेलं होतं.

"आस्लात, तुला फोन आला होता?"

"नाही गं ताई. आला असता तर सांगितलं नसतं का?"

योव्ना लोखंडी टोकाची काठी घेऊन पुढे गेला. बर्फाला भोक पाडून त्याने जाडी पाहिली. "हातभर आहे. यावरून ट्रक जाईल."

"आणि पलीकडच्या काठाला?"

"माझ्या बापाने पलीकडचा काठ कधी तपासला नाही, मीही नाही. इकडे जाड तर तिकडे जाड."

"तेव्हा धरण एवढं पाणी उपसत नव्हतं, बाबा. वळसा घालू या."

"वळसा चार दिवसांचा आहे, पोरी! बघ त्यांच्याकडे. निम्म्या वाटेत आडव्या होतील."

रिस्तेनने माद्यांकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. तिने गाब्बाची दोरी हाताला गुंडाळली आणि तळ्यावर पाय टाकला. आस्लात गाडी घेऊन मागे राहिला, म्हातारा गाडीला जोडलेल्या घसरगाडीवर.

तळ्याचा मधला भाग ठीक होता. मी वाजत होते, मागून खुरांची टिकटिक येत होती. पलीकडचा काठ जवळ आला. तिथे तळं काठापासूनच खोल होतं; पाणी खाली उतरलं होतं आणि बर्फ खडकांवर नुसता अधांतरी टेकला होता. वरून काही कळत नव्हतं. रिस्तेन पार झाली. गाब्बा पार झाला. मग मागून कळपाचं वजन आलं, आणि तो सगळा बर्फ एकदम खाली बसला.

मी लढाई पाहिलेली नाही, पण तो आवाज तसाच असावा. पुढच्या माद्या बर्फाच्या तुकड्यांसकट खोल काळ्या पाण्यात गेल्या. गाब्बा काठावर बिथरला, मान झटकू लागला. आणि त्याने मान झटकली की मी वाजायचे.

मित्रांनो, आता ऐका, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मागच्या माद्या थांबल्या होत्या. त्या मागे वळल्याही असत्या. पण मी वाजत होते, आणि माझा आवाज ऐकला की चालायचं, हेच त्यांना माहीत होतं. त्या सरळ माझ्याकडे यायला निघाल्या. मध्ये ते भगदाड होतं. एकेक येत होती आणि आत जात होती. गप्प बसावं म्हणून माझा जीव नुसता तडफडत होता. पण घंटेला गप्प बसता येत नाही हो!

पलीकडून म्हातारा जिवाच्या आकांताने ओरडला, "घंटा! रिस्तेन, घंटा बंद कर!"

रिस्तेनने आधी मला मुठीत धरलं. गाब्बाने उडी मारली, मी सुटले, पुन्हा वाजले, आणखी चार गेल्या. तेव्हा तिने दातांनी हातमोजा ओढून काढला, कमरेची सुरी काढली आणि माझ्या लोलकाची वादी कापून तो फेकला. सुरीने तिचा अंगठाही कापला. तिचं रक्त माझ्यावर पडलं.

मी थांबले, आणि माद्याही थांबल्या. आस्लातने गाडी आडवी घालून उरलेला कळप मागे फिरवला. रिस्तेन मात्र भगदाडाच्या कडेला पालथी पडून दोर टाकत राहिली. एकही बाहेर आली नाही.

आठवड्याने कंपनीचा माणूस आला. सभ्य होता बिचारा. फोन केला होता, पण चुकून जुन्या नंबरवर गेला, असं म्हणाला. मग वही उघडून त्याने विचारलं, "एकूण रेनडियर किती होते आणि किती बुडाले?"

सामी माणसाला तुझा कळप केवढा, असं कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. योव्नाने तो आकडा बायकोलाही कधी सांगितला नव्हता.

"आकडा लागेल, आजोबा. त्याशिवाय भरपाईचा कागद पुढे जाणार नाही."

"सांगू नका, बाबा," रिस्तेन म्हणाली.

"जिवंत किती, एवढंच त्याने विचारलं असतं तर गप्प बसलो असतो," योव्ना म्हणाला. "पण मेलेल्यांना कुणीतरी मोजायला पाहिजे ना, पोरी? त्यांना मीच पाठवलं." आणि त्याने बुडालेल्यांचा आकडा सांगितला. पोटातली पिलंही धरून सांगितला. कंपनीच्या माणसाने वहीतली पिलं खोडली. मी तो आकडा तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या वसंतात उरलेल्या माद्या ट्रकमधून डोंगरावर गेल्या. ट्रक थोडेच दिवस परवडणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर काय, हे कुणालाच ठाऊक नाही. योव्नाने शरद ऋतूत बसून नवा लोलक कोरला, सुबक, माझ्या मापाचा. तो घेऊन तो रिस्तेनकडे आला.

"बसवतो. गाब्बा अजून धडधाकट आहे. हिचा आवाज ऐकला तर अजूनही येतील त्या."

"येतील, बाबा," रिस्तेन म्हणाली. "म्हणूनच नको."

म्हाताऱ्याने तो लोलक चुलीत टाकला.

मित्रांनो, दिवे तुमच्याकडेही लागतात, आणि ते लागावेत. धरणं बांधा, पाणी अडवा, सोडा. मी म्हातारी घंटा, मला त्यातलं काय कळतं? माझी एकच विनवणी आहे. ज्याच्या पायाखालचं पाणी काढून घेणार असाल, त्याला आधी सांगा. आणि फोन लागला नाही, तर चालत जाऊन सांगा.