रीत नाही तर गुण नाहीत

"उत्तर बरोबर आहे हो सिस्टर, पण रीत कुठंय?" ट्यूटरबाईंनी माझा पेपर माझ्यापुढे धरला.

"रीत कशाला? बाटलीत दोन मिलीत शंभर मिलिग्रॅम औषध. मुलाला हवं पंचाहत्तर. झालं दीड मिली. यात लिहायचं काय?"

"प्रमाण मांडायचं. शंभराला दोन, तर पंचाहत्तरला किती. रीत नाही तर गुण नाहीत, नियम आहे."

दहाच्या दहा उत्तरं बरोबर आणि गुण शून्य! ही बाई माझ्याच वॉर्डात शिकली. पहिल्या इंजेक्शनला हिचं मनगट मी धरलं होतं. बोलून दाखवायचं नव्हतं, पण जीभ गप्प बसते थोडीच!

"तुला प्रमाण शिकवलं कुणी गं?"

"तुम्हीच," ती खाली बघत म्हणाली. "पण सिस्टर, माझ्या हातात काही नाही."

मुलांच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं काढली मी. आमच्या वेळी हाताखाली शिकून नर्स होता यायचं. आता वरून फर्मान आलं: डिप्लोमा नाही त्यांनी परीक्षा द्या, नापास झालात तर औषधाला हात लावू नका. माझा सगळा जीव त्याच कामात. लेक म्हणाली होती, "आई, दोन ओळी जास्त लिही ना, तुझं काय जातं?" पण मी पडले हेकट. म्हटलं, पोराच्या अंगात उत्तर जातं, रीत नाही. आता भोगा.

सोमवारपासून मला चादरींच्या खोलीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरी घेऊन वॉर्डात गेले, तर नवी नर्स मोठी सिरिंज शोधत होती. पहिल्या नंबरने पास झालेली. वहीत प्रमाण सुबक मांडलेलं: ऐंशीला दोन, तर तीसला किती. उत्तर साडेसात मिली. ट्रेमध्ये दोन-दोन मिलीच्या चार बाटल्या मांडून तयार.

"मावशी, जरा बघता का? बरोबर आहे ना?"

मावशी! गेल्या आठवड्यापर्यंत सिस्टर होते मी. असा संताप आला! वाटलं, सांगावं, जा, विचार तुझ्या ट्यूटरबाईला. पण खाटेवरचं पोर टकामका बघत होतं.

"दशांशचिन्ह चुकलंय. पाऊण मिली. तीन बाटल्या ठेवून दे परत."

"अगं बाई!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने खोडलं, पाऊण मिली भरलं, टोचलं. नोंदवहीत सही केली.

"थँक्यू हं मावशी. आणि तेवढी याची चादर बदला, ओली झालीय."

मी बदलली.