शेजारगावचा मसुदा

"परत वाच," नगर कचेरीच्या काउंटरवर वाकून ऑरिन म्हणाले.

मी वाचलं. "आयोगाचे सातही सभासद सैन्यदलातून सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेले असावेत."

"त्यातला तो एक शब्द कुणी घातला?"

"कुठला?"

"उगाच विचारू नकोस, लोइस. तुला माहितेय कुठला."

मला माहीत होतं, कारण आयोगावर बसण्यासाठी त्यांनी केलेल्या अर्जाला जोडलेला सेवामुक्तीचा दाखला माझ्यासमोर उघडा पडला होता. चार घड्यांचा, घडीवर विरलेला, एकोणीसशे सत्तर सालचा कागद. वर ऑरिन ट्वेट हे नाव. मग व्हिएतनाममधलं पूर्ण एक वर्ष. आणि अगदी खाली, टाइपरायटरच्या अक्षरांत: सन्मानपूर्वक म्हणता येणार नाही अशा परिस्थितीत सेवामुक्त.

मी ती ओळ तीनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

"मी घातला," मी म्हणाले.

कलम १. नाव

या आयोगाचं नाव 'ब्रॅन्ड्ट फॉल्स नगर माजी सैनिक सल्लागार आयोग' असं राहील.

खरं तर त्याला ऑरिनचं नाव द्यायला हवं, असं गावात सगळे थट्टेनं म्हणत. अकरा वर्षं, महिन्याचा पहिला आणि तिसरा सोमवार, नगरसभेत नागरिकांच्या तीन मिनिटांत ते उठत. मागणी एकच. सैनिकांचा दवाखाना पासष्ट मैलांवर, म्हाताऱ्यांना गाडी चालवता येत नाही, तेव्हा त्यांचं ऐकणारा आयोग गावात हवा आणि त्यानं दवाखान्यापर्यंत गाडी सुरू करावी. बोलायचं असलं की आधी पिवळं कार्ड भरावं लागतं: नाव, पत्ता, आणि 'आपण कोण म्हणून बोलता'. तिथे ते दर वेळी लिहीत, माजी सैनिक. अकरा वर्षांची कार्डं माझ्या कपाटात आहेत. तीन मिनिटांचं घड्याळ मीच लावते. हिरवा दिवा, पिवळा, लाल. ऑरिननी लाल दिवा कधी पाहिला नाही. दर वेळी चाळीसेक सेकंद शिल्लक ठेवून ते खाली बसत.

कलम २. उद्देश

हे कलम मी स्वतः लिहिलेलं नाही.

कुठलंच कलम मी लिहिलेलं नाही. आमच्यासारखी गावं कायदे लिहीत नाहीत. ज्या शेजारगावानं तो कायदा आधी केलाय त्यांच्या कचेरीत फोन लावायचा, फाइल मागवायची, त्यांचं नाव काढून आपलं टाकायचं. कुत्र्यांच्या पट्ट्यांचा नियम, फटाक्यांचा नियम, सगळे असेच आलेले. एकतीस वर्षं मी हेच करते. सैनिक आयोगाचा मसुदा केल्टनहून आला आणि मी 'केल्टन' जिथे दिसलं तिथे 'ब्रॅन्ड्ट फॉल्स' टाकलं. दुपारच्या कॉफीच्या आत काम संपलं.

पहिल्या वाचनाच्या दिवशी नगरसभेच्या सभासद बेव्हर्ली ओस्टनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लोइस, कलम चारात 'केल्टन' तसंच राहिलंय. आता त्यांचे रस्तेही आपणच दुरुस्त करायचे का गं?"

सगळं सभागृह हसलं. महापौर डेनी क्रॅन्झ म्हणाला, "करूया की. त्यांचे आपल्यापेक्षा बरे आहेत!" तिसऱ्या रांगेत ऑरिनही पोट धरून हसले. मी लाल झाले, लेखनिकी चूक म्हणून पेन्सिलीनं खूण केली आणि ठराव पुढे गेला. परक्या गावाचं नाव नगरसभेच्या पाचही जणांना दिसलं. तो शब्द कुणालाच दिसला नाही. दुसरं वाचन आणि शेवटचं मतदान दोन आठवड्यांनी होणार होतं.

कलम ३. सभासदत्व

"माझा बाप वारला तेव्हा मी तिकडून परत येऊन चार महिने झाले होते," ऑरिन काउंटरवर म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "छावणीतून नऊ दिवसांची रजा मिळाली. घरी चाळीस गाई आणि आई एकटी. नऊ दिवसांत कोण दूध काढायला मिळणार? मी सत्तर दिवस राहिलो. मग मीच स्वतः गेलो, हजर झालो. त्यांनी हा कागद दिला आणि बस पकडायला सांगितलं."

"कुणाला माहीतच नाही?"

"आईला होतं."

मला एकेक गोष्ट आठवायला लागली. सैनिकांच्या क्लबात शुक्रवारी तळलेला मासा खायला ते जात, पण सभासद कधी झाले नाहीत. "मला मीटिंगा झेपत नाहीत," असं सांगत. हे सांगणारा माणूस नगरसभेची एकही सभा चुकवत नव्हता. आम्ही हसायचो.

माजी सैनिकाच्या दफनाच्या वेळी पेटीवरचा झेंडा घडी करून घरच्यांच्या हाती द्यायला क्लबाकडे हात कमी पडायचे. ते पुढे व्हायचे. त्यांचा कागद कुणी मागितला नाही. माझ्या नवऱ्याचा झेंडा त्यांनीच दिला होता मला.

"म्हणजे दवाखान्याची गाडी..." मी म्हणाले आणि थांबले.

"या कागदावर मला त्या दवाखान्यात प्रवेश नाही, पोरी. कधीच नव्हता."

अकरा वर्षं हा माणूस ज्या गाडीसाठी भांडत होता, तिच्यात त्याला बसता येणार नव्हतं.

"मग अर्ज का केलात?"

ते जरा हसले. "वाटलं, आपल्या गावचा कायदा आहे. आपलं गाव असं काही विचारणार नाही. मसुदा वाचलाच नाही मी. तू टाइप केला होतास ना."

त्यांनी दाखला जुन्याच घड्यांवर दुमडला, अर्ज उचलला. "हा आलाच नाही असं समज."

कलम ३, दुरुस्त

ते गेल्यावर मी फाइल उघडली आणि तो शब्द पुसला. वाक्य लगेच जवळ सरकलं. 'सैन्यदलातून सेवामुक्त झालेले असावेत.' तिथे काही होतं असं वाटेना.

मग गावच्या वकिलाला, फेल्प्सला, फोन केला. कुणाचं नाव घेतलं नाही.

"लेखनिकी चूक तू दुरुस्त करू शकतेस," तो म्हणाला. "पण पहिल्या वाचनानंतर सभासदत्वाची अट काढणं ही चूक नव्हे, बाई, तो बदल आहे. सभेनं करायचा असतो. का, काय झालं?"

"काही नाही."

मी शब्द परत टाइप केला. एकतीस वर्षांत इतकं सावकाश काही टाइप केलं नव्हतं.

कलम ४. सभा

सोमवारी सहा वाजता मी पिवळं कार्ड भरलं, लोइस हॅगन, आणि ते माझ्याच टेबलावर ठेवलं. माझी पाळी आल्यावर घड्याळ लावलं, खुर्ची सोडून पुढे गेले आणि माइकसमोर उभी राहिले. डेनी बघतच राहिला.

"कलम तीनमधला 'सन्मानपूर्वक' हा शब्द मी केल्टनच्या कागदावरून उचलला," मी म्हणाले. "विचार न करता. तो काढावा, अशी माझी विनंती आहे."

"का?" बेव्हर्लीनं विचारलं. "आपल्या गावात असा कुणी आहे का?"

"मला सांगता येणार नाही."

"मग कुणासाठी काढायचा, लोइस?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्यासाठी, बेव्ह."

ऑरिननी सगळं सांगितलं. रजा, गाई, सत्तर दिवस. कार्ड भरलं नव्हतं, तरी कुणी अडवलं नाही. क्लबातले तीन म्हातारे भिंतीशी बसले होते. त्यातल्या एकानं टोपी काढून मांडीवर ठेवली, मग परत घातली. ती कशासाठी काढली हे मला अजून कळलेलं नाही.

रूडी स्टॅन्सन, सर्वांत धाकटा सभासद, घसा साफ करून म्हणाला, "तो शब्द काढावा, असा मी प्रस्ताव मांडतो."

"अनुमोदन?" डेनी म्हणाला.

आमच्याकडे दुसऱ्या कुणीतरी 'अनुमोदन' म्हटल्याशिवाय प्रस्तावावर मतदानसुद्धा होत नाही. एकच शब्द म्हणायचा असतो. कुणीही म्हणतं. लोक जांभई देता देता म्हणतात.

"अनुमोदन आहे का?"

बेव्हर्ली समोरच्या कागदांच्या कडा जुळवत होती. तिच्या वडिलांचा झेंडा एप्रिलमध्ये ऑरिननी दिला होता. मी तिथे होते, बर्फ पडत होतं. दुसरा सभासद पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. चौथा भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघत होता. माझं घड्याळ केव्हाच संपलं होतं आणि लाल दिवा कुणावर तरी रोखल्यासारखा जळत होता.

"अनुमोदनाअभावी प्रस्ताव बारगळला," डेनी माझ्याकडे न बघता म्हणाला. "मूळ ठरावावर मतं घेऊ."

मी खुर्चीत परतले आणि नावं पुकारली. पाच विरुद्ध शून्य. रूडीनंही हो म्हटलं. गाडी तर हवीच होती सगळ्यांना.

टाळ्या वाजल्या. आधी ऑरिननी वाजवल्या.

कलम ५. अंमल

हा ठराव प्रसिद्ध झाल्यापासून अमलात येईल.

सप्टेंबरमध्ये आयोगाची पहिली सभा झाली. सात खुर्च्या, सात नावांच्या पाट्या. एक पाटी बेव्हर्लीच्या भावाची. तो नौदलाच्या गोदामात दोन वर्षं होता. मी घड्याळ, कार्डं, पेन्सिली मांडल्या. नागरिकांचं एकच कार्ड आलं.

ऑरिन ट्वेट. पत्ता तोच. 'आपण कोण म्हणून बोलता' या ओळीवर आधी 'मा' लिहिलं होतं. त्यावर एक सरळ रेघ. पुढे लिहिलं होतं: रहिवासी.

ते माइकसमोर आले. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस. मी हिरवा दिवा लावला.

"गाडी मंगळवारी आणि गुरुवारी असेल असं ऐकलं," ते म्हणाले. "डायलिसिसवाल्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार लागतो. चार जण आहेत. त्यांची नावं मी लिहून आणलीत. आणि गाडीची पायरी उंच आहे, तिला खाली एक फळी बसवा. एवढंच."

कागद टेबलावर ठेवून ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

घड्याळात अठ्ठेचाळीस सेकंद उरले होते. नियमाप्रमाणे बोलणारा बसला की मी ते बंद करते. त्या दिवशी हात गेला नाही. सातही जण समोरच्या रिकाम्या माइककडे बघत बसले. दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला.