बोटांत दबेल तोच घास

मित्रांनो, मी एक जुने पितळी मोदकपात्र आहे. खाली पाण्याचे भांडे, मधे भोकांची चाळण आणि वर घट्ट झाकण, एवढाच माझा पसारा. पण माझ्या वाफेवर एक बाळ हाताने जेवायला शिकले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. एका कासाराने मला ठोकून ठोकून घडवले. तिथून मी नागपूरला महाल भागातल्या भांड्यांच्या दुकानात आलो आणि तुळसाबाईंनी मला घरी नेले. गणपतीत त्या माझ्यात मोदक वाफवायच्या. गल्लीभर मोदकांचे कौतुक व्हायचे आणि ते ऐकून मी चकाकायचो. पुढे तुळसाबाई गेल्या. मला स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर चढवले आणि सगळे विसरले. माझ्या चाळणीत कोळ्याने घर केले.

त्याच फळीवरून मी मंजिरीला पहिल्यांदा पाहिले. तुळसाबाईंचा मुलगा कृष्णकांत आणि सून अरुंधती यांची ती लेक. साल असेल चौऱ्याहत्तर. मंजिरी नऊ महिन्यांची झाली होती. नीट बसायची आणि जमिनीवरचा कणसुद्धा चिमटीत धरून तोंडाकडे न्यायची. तिचे आजोबा भैयाजी तिच्यावर जीव टाकायचे.

एकदा संध्याकाळी भैयाजी बाजारातून आले. अरुंधती कणीक मळत होती. त्यांनी नातीला मांडीवर घेतले, खिशातून फुटाणा काढला आणि लाडाने तिच्या तोंडात घातला. मंजिरी हसत होती. हसता हसता एकदम गप्प झाली. ना खोकला, ना रडणे. ओठ काळेनिळे पडू लागले.

“अवं सूनबाई, ही रडत काहून नाही?” भैयाजी ओरडले आणि तिच्या तोंडात बोट घालू लागले.

“बोट घालू नका मामंजी! आणखी आत जाईल!”

अरुंधती कणकेच्या हातांनीच धावली. तिने मंजिरीला आपल्या हातावर पालथे घेतले, डोके खाली ठेवले आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहाताने जोरात थापा मारल्या. काहीच झाले नाही. तिने पुन्हा मारल्या. फुटाणा टप्पकन जमिनीवर पडला आणि मंजिरीने टाहो फोडला. मित्रांनो, त्या रडण्याएवढा गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

अरुंधती लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. तिथे शोभाताई नावाच्या नर्सबाईंनी हा उपाय करून दाखवला होता. तो त्या दिवशी कामी आला.

आवाज ऐकून शेजारच्या कांताबाई धावत आल्या. “काय झालं वं?” सगळे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “मंग आता काय, वरणाचं पाणीच पाजशीन लेकराले? दात तं येऊन राहिले तिचे.”

भैयाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. “आमची लेकरं फुटाणे खाऊनच मोठी झाली,” ते म्हणाले. पण खिशातले उरलेले फुटाणे त्यांनी काढून दूर ठेवले.

“जी मोठी झाली, तीच आपल्याला दिसतात, मामंजी,” अरुंधती हळूच म्हणाली. तिने मंजिरीला छातीशी घेतले. मग कांताबाईंना म्हणाली, “तिला स्वतःच्या हातानं खायचंय. ते मी थांबवणार नाही. काय द्यायचं ते मात्र आपण निवडू.”

दुसऱ्या दिवशी तिने मला खाली काढले. चिंचेने घासले आणि गल्लीत आलेल्या कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतली. मग माझ्या चाळणीवर गाजर, रताळे आणि लाल कोहळ्याचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, तुकडे आले. तुकडे बोटाएवढे लांब, म्हणजे मुठीत धरले तरी टोक बाहेर राहते. मीठ नाही, साखर नाही.

वाफ जिरल्यावर तिने हाक मारली. “मामंजी, जरा तुमचा हात हवा.”

“माह्या हाताचं नाव काढू नको. माह्या हातानं काय झालं ते पाह्यलं ना तू.”

“तोच हात हवा. अंगठा आणि बोटात दाबून पाहा. लोण्यासारखं दबलं तरच मंजिरीच्या ताटलीत जाईल.”

भैयाजींनी गाजर दाबले. ते तसेच राहिले. “हे नाही जमत. ठेव परत,” ते करड्या आवाजात म्हणाले. मी पुन्हा कामाला लागलो. कोहळे मात्र हाताला लागताच विरघळले. भैयाजींनी ते ताटलीत ठेवले, तोंडात घातले नाही. मंजिरीने उचलले, चोखले आणि मधेच तिला उबळ आली. भैयाजी ताडकन उठले.

“थांबा,” अरुंधती म्हणाली. “खोकतेय ना? आवाज येतोय. तिचं ती काढेल.”

मंजिरीने घास थुंकला आणि दुसरा उचलला.

मग भैयाजी घरचे पारखीच झाले. संत्र्याची फोड आली की तिची साल आणि बिया काढायचे. द्राक्षाचे उभे चार भाग करायचे. कच्चे गाजर, दाणे, फुटाणे तिच्याजवळ येऊ द्यायचे नाहीत. कोणी मध चाटवायला निघाले तर म्हणायचे, “मध एवढ्या लहान पोटाले बाधते. वर्षाची होऊ द्या, मंग पाहू.” मंजिरी जेवताना ते समोर बसायचे आणि नजर हलवायचे नाहीत. पण आपल्या हाताने तिच्या तोंडात एक शीतही घातले नाही. ती भीती गेली नव्हती.

मंजिरीच्या पहिल्या वाढदिवशी घर पाहुण्यांनी भरले होते. ती पाटावर बसली होती, समोर भैयाजी. तिने रताळ्याचा तुकडा उचलला. तोंडाकडे नेला नाही. आजोबांकडे पाहत बोटांत दाबला, नीट दबला तसा हात पुढे केला आणि त्यांच्या ओठांना लावला. भैयाजींनी तोंड उघडले. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी तो घास खाल्ला, आणि मग ताटलीतला एक मऊ तुकडा उचलून नातीच्या तोंडात दिला.

मित्रांनो, तुमच्या घरीही रांगणारे भावंड असेल. त्याला मऊ घास द्या, सरळ बसवून द्या, हसवत किंवा पळवत देऊ नका. आणि त्याचे जेवण होईपर्यंत त्याच्यासमोरून उठू नका. वाफ द्यायला माझ्यासारखी भांडी पुष्कळ मिळतील, पण समोर बसून पाहणारे माणूस तुम्हालाच व्हावे लागेल.