जांभळ्या कडेची बाही

मानवतमध्ये राबियाबीने शिवलेला बुरखा राबियाबीच ओळखू जाणे. बाकीच्यांना सगळे सारखेच काळे. सून रुखसारचा बुरखा तिने ऐन बकरी ईदच्या गर्दीत शिवला होता. काळं रीळ संपलं, दुकानं बंद, मग उजव्या बाहीची कड तिने जांभळ्या दोऱ्याने मारली. घरचंच माणूस, कोण बघतंय, म्हणाली. आणि बघितलं ते तिनेच.

मावसबहिणीला भेटून ती वालूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होती. समोर पानटपरीपाशी एक मोटारसायकल थांबली. हेल्मेट घातलेला पुरुष, मागे नकाब ओढलेली बाई, तिचा हात त्याच्या खांद्यावर आणि बाहीला जांभळी कड. रुखसार तर जिंतूरला माहेरी गेलेली! त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि गाडी निघून गेली. तेवढ्या वेळात एक हाक मारली असती तरी भागलं असतं. पण राबियाबीची खात्रीच पटली होती, आणि खात्री पटलेलं माणूस कशाला कुणाला विचारत बसतंय?

गंमत बघा, मोहल्ल्यातल्या बायकांच्या इज्तेमात, म्हणजे धार्मिक बैठकीत, बदगुमानीवर, दुसऱ्याबद्दल वाईट संशय घेण्यावर, बोलायचं ते राबियाबीनेच. कुणाचं काही वावगं दिसलं तर आधी त्याच्या बाजूने एखादा बहाणा शोधा, पाळत ठेवू नका, पाठीमागे बोलू नका, असं ती ठासून सांगायची. त्या दिवशी मात्र घरी आल्या आल्या, हातपायही न धुता, तिने मुलाच्या, नवेदच्या कानावर सगळं घातलं. नवेदनेही बायकोला काही विचारलं नाही. फोनवर "अम्मीनं तुला वालूरला परक्याच्या गाडीवर पाह्यलं, आता तिकडंच ऱ्हा" एवढं म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

दोनचार दिवसांनी रुखसारच्या भावाचा फोन आला.

"अम्मी, ती माझी बायको व्हती. तिला पाचवा म्हैना चालू हाय, तिचा बुरखा पोटावर तंग व्हायलाय. तुमी सैल शिवता म्हणून तिनं रुखसारचा घातला. सेलूच्या दवाखान्यात चाललो व्हतो आमी."

राबियाबीला रडू आलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तशी ती आतून बधिर झाली. मशीनवर बसली, लांबलचक शिलाई मारली आणि मग तिला कळलं की सुईत दोराच नव्हता. नवेदला म्हणाली, चल, जिंतूरला जाऊन तिला घेऊन येऊ. तो म्हणाला, कोणत्या तोंडाने जाऊ? शेवटी ती एकटीच एसटीत बसली.

दारात रुखसारची आई जमीलाबी उभी होती. आता ही आपल्याला चार लोकांत शिव्या घालणार, हे राबियाबी धरूनच चालली होती. भीतीसुद्धा वाटत नव्हती. पण जमीलाबीने पुढे होऊन तिचा दंड धरला.

"या आपा, सांभाळून, पायरी हाय. डोळे दाखवले का न्हाई? रुखसार म्हणली, तुमाला लांबचं दिसतच न्हाई आता. आमचं पोरगं लय तापलं व्हतं, तिनंच समजावलं त्याला. वयाला काय इलाज, आपा?"

राबियाबीने असं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. अजून ती चष्म्याशिवाय सुई ओवत होती, आणि समोरच्या टपरीपाशी जांभळी कडही तिला लख्ख दिसली होती. ती बोलायला गेली, तोच चहा घेऊन आलेल्या रुखसारने हळूच 'नको' अशी मान हलवली. जमीलाबी आत गेली.

"मला माफ कर, बेटा."

"केलं, अम्मी."

"मग चल घरी. नवेद वाट बघायलाय."

रुखसारने कप तिच्यापुढे ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"अम्मी, तुमी निदान काहीतरी पाह्यलं तरी व्हतं. तुमच्यासाठी मला डोळ्याचा बहाणा सापडला. त्यांनी तर काहीच पाह्यलं न्हवतं. त्यांच्यासाठी मी रोज शोधायलेय. तुमी आई हाव त्यांच्या, तुमीच सांगा एखादा. सांगितला तर मी आत्ता निघते."

राबियाबी विचार करत बसली. पोटचा पोरगा, त्याच्या बाजूने बोलायला तिला एक शब्द सापडेना. चहावर साय धरली. संध्याकाळच्या गाडीने ती एकटीच परत गेली.