पायाशी ऊब

नागपुरात गाडीला हीटर म्हणजे टकल्याला कंगवा, असं आमचे शेजारी म्हणायचे. मे महिन्यात ज्या गावात डांबर चपलेला चिकटतं, तिथे हीटर कोणाला हवा? पण आमच्या मॉरिस मायनरला तो होता. माझ्या सासऱ्यांनी ती गाडी परासियाच्या कोळसा खाणीतल्या एका गोऱ्या मॅनेजरकडून घेतली, तेव्हा नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा तो हीटर सोबत आला. डॅशबोर्डखाली एक काळा गोल डबा, त्याला दोन झडपा. एक माझ्या बाजूला, एक यांच्या बाजूला.

त्या गाडीचे आमच्या घरात नेमधर्म होते. दत्तजयंतीला बॉनेट उघडून हे हीटरच्या गरम पाण्याचा कॉक सोडायचे आणि होळीला बंद करायचे. दुसरा नेम चपलांचा. गाडी दसऱ्याला घरी आली म्हणून ती लक्ष्मी, आणि लक्ष्मीत पायताण घालून कोणी चढायचं नाही. सासरे गेले, पण नेम राहिला. दारात चपला काढायच्या, कापडी पिशवीत घालायच्या, पिशवी मागच्या सीटवर. लग्न झाल्यापासून मी यांना मॉरिस अनवाणीच चालवताना पाहिलंय. थंडीतसुद्धा. मोजे घाला म्हटलं की म्हणायचे, "पायाला पेडल कळलं पाहिजे, प्रेमलता. मोज्यात काय कळते?"

पायाला पेडल कळलं पाहिजे. हे वाक्य मला यंदा फार छळून गेलं.

झालं असं, की डिसेंबरात एका सकाळी बेसा चौकात आमची मॉरिस एका संत्र्याच्या ठेल्यावर जाऊन आदळली. जोरात नाही, पण ठेला आडवा झाला आणि संत्री रस्ताभर पांगली. ठेलेवाली बाई एक पाऊल मागे होती म्हणून वाचली. लोक जमले. हे खाली उतरले, अनवाणीच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रेकवरच होता पाय माझा. गारठ्यानं बधिर झाला. हीटरचा फॅन गेलाय हिचा." पाय ब्रेकवर नव्हता, मी बघितलं होतं. ब्रेकच्या कडेला चटईवर होता, आणि हे चटईच जीव खाऊन दाबत होते.

यांना साखर आहे, फार वर्षांची. हल्ली चालताना एक सपाता पायातून निसटून हॉलमध्येच राहायची आणि हे एकाच सपातेवर फाटकापर्यंत जाऊन यायचे. डॉक्टरांनी तळव्याला काहीतरी टोचून पाहिलं होतं, आणि रोज रात्री तळवे तपासा, गाडीचं जरा जपून, असं म्हटलं होतं. त्यावर हे म्हणाले, "कालचं पोरगं आहे ते," आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला कळत होतं तर गप्प का बसलात? सांगते. मलाही तो फॅनच दोषी हवा होता. फॅन बदलता येतो. आमची मुलगी अदिती पुण्याला, आम्ही दोघं इथे बेशाला, नव्या नव्या इमारतींच्या जंगलात. ए. जी. ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून या माणसाची मान ताठ राहते ती फक्त त्या स्टिअरिंगमागे. ते सुटलं तर खुर्चीत बसलेला एक म्हातारा उरेल, आणि त्या म्हाताऱ्याची मला भीती वाटायची. म्हणून मीही म्हटलं, बदला फॅन.

वाडीला दुर्गेशचं गॅरेज आहे. तो मुळात ट्रकच्या वायरिंगचा माणूस, पण यांच्यावर त्याचा जीव. त्यानं डबा खोलला, आतली मोटर बाहेर काढली आणि तळहातावर घेऊन हसला. "काकाजी, हिचे ब्रश पार झिजले. आता हिला जाळाचीच बाकी आहे. मी काय म्हणतो, भंगारातल्या मारुती आठशेचा ब्लोअर बसवू. हवा अशी मारंल का तुमाले शिमल्यातही घाम फुटंल."

मोटर बसवली, बटण दाबलं, तर फॅन फिरला पण हवा येईना.

"आँ? हा तं उलटा फिरून राहिला!" दुर्गेश म्हणाला.

"फिरणारच," हे म्हणाले. "हिच्या बॉडीला बॅटरीचं प्लस जोडलेलं आहे, मायनस नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांचं तसंच असते. तारा बदल."

तारा बदलल्या आणि घर्र करून हवा सुटली. यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, देवा, एवढं तरी राहू दे यांच्याकडे. मग यांनी आणखी एक काम सांगितलं. झडपेतून हवा नुसती पसरते, तिला पाईप जोडून, पुढे पत्र्याचं तोंड लावून थेट पेडलपाशी आण. दुर्गेशनं तेही केलं. इंजिन तापू दिलं, ब्लोअर पुरता सोडला आणि पत्र्याच्या तोंडाशी हात नेला. नेला तसाच मागे घेतला.

"बाप्पा! चटकाच बसला ना!"

यांनी सीटवर बसून डावा पाय तिथे धरला. बराच वेळ धरला. "कोमट आहे," म्हणाले. "अजून वाढवता येईल का?"

दुर्गेशनं माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या टायरकडे बघितलं. "याच्यावर नाही होत काकाजी," तो हळूच म्हणाला. "याच्यावर नकाच सांगू मले."

आजार रेड्याला, इंगळ पखालीला, म्हणजे दुखणं एकाला नि डाग भलत्यालाच, असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी घरी येताना ती म्हण माझ्या डोक्यातून हलेना. तरी मी मनाशी घोकत होते, इंजिन पुरतं तापलं नसेल, दुर्गेशचा हात नाजूक असेल. ट्रकवाल्याचा हात नाजूक! माणूस स्वतःला काय काय पटवतो.

संक्रांतीला माझी मोठी बहीण कुसुमताई काटोलला हळदीकुंकू करते. मी म्हटलं, यंदा एसटीनं जाऊ. हे चिडले.

"काहून? एवढा फॅन बसवला तो काय पूजेला?"

"थंडी आहे हो. धुकं असते सकाळी."

"म्हणूनच तर बसवला."

मी तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मांडीवर घेतला, चपला पिशवीत घातल्या आणि बसले.

काटोल नाक्यापर्यंत मी देवाचं नाव घेत होते. गर्दी मागे पडली तसा जरा जीव थाऱ्यावर आला. गाडी छान चालली होती. दोन्ही बाजूंना धुक्यात शेतं, मधूनच संत्र्यांनी लादलेला एखादा ट्रक समोरून यायचा. आणि गाडीत? गाडीत भट्टी होती. मी आधी शाल काढली, मग स्वेटर. माझ्या बाजूची झडप केव्हाच बंद केली होती, तरी पाय भाजत होते म्हणून ते सीटवर वर घेऊन मांडी घातली.

"ऊब येऊन राहिली का पायाला?" मी विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही ना," हे म्हणाले. "अजून थंडगारच वाटते. दुर्गेशला पुन्हा दाखवावा लागंल."

आता फॅनवर ढकलायला काही उरलं नव्हतं. घामानं माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या या माणसाचे पाय थंड होते.

फेटरी मागे पडली आणि एका खड्ड्यात गाडी उसळली. डब्याचं झाकण उडालं, लाडू खाली सांडले, एक घरंगळत यांच्या पेडलपाशी गेला. पेडलखाली अडकला तर पंचाईत, म्हणून मी वाकून हात घातला. हात पत्र्याच्या तोंडाला लागला आणि मी किंचाळले. भाकरी उलटताना तवा लागतो ना, तसा लागला. आणि त्याच पत्र्याला टेकून यांचा डावा पाय होता. आरामात टेकवलेला. अंगठ्यामागची कातडी पांढरी होऊन फुगली होती आणि एका जागी फुटून ओली झाली होती.

"काय झालं?" हे म्हणाले.

"पाय बाजूला घ्या."

"कोणता?"

"डावा! घ्या म्हणते ना बाजूला!"

आणि मग ती गोष्ट झाली, जी मी जन्मात विसरणार नाही. पाय हलवण्यासाठी यांनी खाली बघितलं. बघितल्याशिवाय त्यांना कळेचना आपला पाय कुठे आहे ते. मान खाली, हात स्टिअरिंगवर, आणि मॉरिस सरळ रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावरून पलीकडे निघाली. धुक्यातून ट्रकचा भोंगा आला. मी स्टिअरिंगवर झडप घातली, जिवाच्या आकांतानं आपल्याकडे ओढलं. ट्रक आमच्या आरशाला घासून गेला. हे ब्रेक शोधत होते. खाली बघून शोधत होते. मी मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी उपसला तेव्हा कुठे गाडी मातीत उतरून, गचके खात थांबली.

इंजिन बंद पडलं. फॅन मात्र चालूच होता, घर्र घर्र.

"बंद करा तो," मी ओरडले. "आधी तो बंद करा!"

यांनी किल्ली फिरवून काढली, शर्टाच्या खिशात टाकली. एवढ्या वर्षांत मी या माणसाला चुकल्यावर गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. नेहमी समोरच्याचं चुकलेलं असायचं, नाहीतर गाडीचं.

थोडं पुढे एक चहाची टपरी होती. मी लाडवांचा डबा उचलला, आणि माझा खांदा धरून हे तिथवर आले. टपरीवरच्या बाईनं पाय बघितला आणि म्हणाली, "अगं माय वं! काहून असं झालं, बाबाजी?" तिनं घमेल्यात माठातलं पाणी ओतलं. बाकावर बसून यांनी त्यात पाय सोडले. मी पलीकडे जाऊन दुर्गेशला फोन केला, म्हटलं, येऊन गाडी घेऊन जा. तो काहून म्हणाला नाही. "निघतो काकू," एवढंच म्हणाला.

परत आले तर हे वाकून घमेल्यात बघत होते. दोन्ही पाय पाण्यात, आणि हे त्यांच्याकडे असे बघत होते जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"प्रेमलता," म्हणाले, "हे पाणी गार आहे का गं?"

संत्री सांडली तेव्हा मी रडले नव्हते, ट्रक घासून गेला तेव्हाही नाही. आता रडले. टपरीवाली बघत होती, बघू दे.

"गार आहे हो," मी म्हटलं. "माठाचं आहे, एकदम गार."

"आणि गाडीतली हवा? गरम होती?"

"खूप गरम होती."

"केव्हापासून?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. "वाडीला होतो तेव्हापासून."

रस्त्यावरून काटोलची एसटी गेली. मग यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातातल्या, झाकण नसलेल्या लाडवांच्या डब्यात ठेवली.

"म्हणजे फॅन चांगला बसवला त्यानं," म्हणाले.