कोंडिबांच्या राबात जळालेल्या माझ्या बहिणी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी लघवीची पिशवी आहे. वय सहा दिवस. सातव्या दिवशी आम्हाला बदलतात, म्हणजे मी म्हातारीच झाले म्हणा ना!

कुठल्याशा कारखान्यात प्लास्टिक वितळवून मला घडवलं. तिथून भोरच्या दवाखान्यात आणि मग यष्टीनं हिर्डोशीला आले. इथल्या कोंडिबांची लघवी तुंबली होती. नळी घातली तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. ऑपरेशनची तारीख लांब आहे, तोवर आम्ही पिशव्याच त्यांचा आधार. पहिल्या दिवशी मला बाजेला बांधताना ते म्हणाले, "बाई, तू हाईस म्हनून झोप लागती." माझा ऊर भरून आला.

दवाखान्यातल्या सुलक्षणा सिस्टरनी त्यांच्या सुनेला, मंगलला, बजावलं होतं, "वापरलेली पिशवी रिकामी करून इकडंच परत आणा. जाळू नका." परत गेलं की आमचं प्लास्टिक निर्जंतुक करून पुन्हा कामाला लावतात. पण माझ्या आधीच्या पाच बहिणी परत गेल्याच नाहीत. सासऱ्यांनी विचारलं, की मंगल "दिल्या" म्हणायची. खरं तर तिनं त्या राबात दडवल्या होत्या. भाताची रोपं वाढवायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा पसरून पेरणीआधी भाजतात, तो राब. त्यात जळून जातील, कुणाला कळायचं नाही, असं तिला वाटलं.

काल दुपारी तिनं राब पेटवला. पाचोळा खाली बसला आणि एका बहिणीचा कोपरा वर आला. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते हो! पण पिशवीचं कोण ऐकतं? काळा, झोंबणारा धूर उठला.

ओट्यावरच्या बाजेवरून कोंडिबांनी पाहिलं. "अगं मंगल, इझव त्ये! वर्साचं भात हितनंच निगतं आपलं!"

"मामा, यष्टीत कशी नेऊ? समदी बघत्यात. लई लाज वाटती!" ती खोकत, रडत म्हणाली.

कोंडिबा तसेच धावले. मी बाजेला बांधलेली आहे, हे विसरले. नळी ताणली. ते किंचाळून खाली बसले आणि माझ्यात रक्त उतरलं. माझ्यामुळंच ते अडकले! मंगल विझवायला आणलेली पाण्याची कळशी तिथंच टाकून त्यांच्याकडे पळाली. तेवढ्यात बहिणी वितळून मातीत गेल्या.

तिनं सिस्टरना फोन केला. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. आज सकाळपासून कोंडिबा एका हातात मला धरून काठीनं काळे गोळे उकरतायत आणि विचारतायत, "हितं भाताचं बी टाकू का नगं?" मंगल ते गोळे पाटीत वेचतेय.

उद्या माझा सातवा दिवस. मित्रांनो, आजारपणाची कसली आली लाज? घरात कुणाला नळी असेल, तर वापरलेली पिशवी दवाखान्यात परत द्या. मंगलताई, तुम्हाला हात जोडते. हवं तर पदराखाली झाकून न्या, पण न्या मला!