डोलत्या ट्रेलरचा दांडा

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीवर, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी हातभर लांबीचा काळा दांडा टांगलेला दिसतो ना, तो मी. म्हातारा झालो आहे, पण अजून भंगारात गेलेलो नाही. पिकअपच्या मागे ओढायचा प्रवासी ट्रेलर रस्त्यावर डावीउजवीकडे डोलू लागला की त्याला आवरायचं, हे माझं काम. माझं एक टोक पिकअपच्या जोडाला, दुसरं ट्रेलरला. मधे घट्ट आवळलेल्या पट्ट्यांतून मी घासत आतबाहेर सरकतो आणि त्या घासण्यामुळेच ट्रेलरला भलतीकडे वळणं जड जातं. आमच्या साउथ डकोटाच्या वाऱ्यात हे काम म्हणजे पोरखेळ नव्हे.

मला निवडलं ते ऑर्व्हल हाउगेननं. चाळीस वर्षं मक्याची शेती केलेला, बोटं जाड आणि शब्द मोजके असलेला माणूस. ट्वायला नावाच्या बाईच्या दुकानात तो आला तेव्हा तिनं आधी विचारलं, "ट्रेलर केवढा?"

"सोळा फुटी. आम्ही दोघंच असतो."

"मग हा एक दांडा पुरे. गाडी मागे घेताना आधी काढून ठेवायचा. आणि तेल थेंबभरही लावायचं नाही, सांगून ठेवते."

तिनं मला काउंटरवर ठेवलं आणि ऑर्व्हलनं मला उचलून तोललं. मी त्याला आवडलो. पुढची अकरा वर्षं मी त्याच्याबरोबर तळ्यांवर गेलो, डोंगरात गेलो. त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. मुक्कामाला पोहोचलं की ती रुबार्बच्या आंबट देठांचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ कापायची, ऑर्व्हल मला काढून फडक्यानं पुसायचा आणि शेजारच्या ट्रेलरवाल्याला सांगायचा, "हा आहे म्हणून गाडी सरळ चालते." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. कौतुकानं लोखंडही फुगतं, मित्रांनो.

मग त्यांनी अठ्ठावीस फुटी ट्रेलर घेतला. त्यात खरा पलंग होता, मार्लिसच्या गुडघ्यांसाठी. ट्वायलानं तो पाहिला आणि मान हलवली.

"हा दांडा आता काढा. याला दोन दांड्यांची, वजनही पेलणारी जोडणी हवी. आधी सामान भरून धान्याच्या कोठीवरच्या वजनकाट्यावर चढवा, मग ठरवू."

"चाळीस वर्षं गाड्या ओढल्यात मी. मला ओढायला शिकवतेस?"

"मका ओढलात तेव्हा दर खेपेला काट्यावर चढलातच ना?"

मार्लिसला हसू फुटलं. ऑर्व्हलचे कान लाल झाले, पण तो मलाच जोडून निघाला. आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. एवढं मोठं चाकांवरचं घर आपण आवरणार, असं मी स्वतःलाच सांगितलं.

त्या ओझ्याखाली मी करकरू लागलो. रविवारी चर्चच्या आवारात वळताना असा ओरडलो की दारात उभी असलेली सगळी मंडळी वळून बघू लागली. ऑर्व्हल खजील झाला. करकरलं की तेल, ही सवय शेतकऱ्याच्या हाडात मुरलेली असते. घरी येताच त्यानं तेलाची बुदली आणली आणि माझ्या पट्ट्या भिजवून काढल्या.

"गप्प झाला बघ," तो म्हणाला.

मी गप्प झालो होतो, कारण मी आता काही धरतच नव्हतो.

दोन दिवसांनी आम्ही पश्चिमेला निघालो. उघड्या माळावर एक लांबलचक मालट्रक शेजारून पुढे गेला आणि ट्रेलर त्याच्याकडे ओढला गेला, मग उलटीकडे, मग आणखी जोरात. मी सरकत राहिलो, पण अडवू शकलो नाही. ऑर्व्हलचा पाय ब्रेककडे गेला.

"पाय काढ, ऑर्व्हल! गॅस, ब्रेक, दोन्हींवरून काढ! हातानं ट्रेलरचा ब्रेक लाव!" मार्लिस ओरडली. ट्रेलर डोलू लागला तर काय करायचं ते ट्वायलानं सांगितलं होतं, तेव्हा तिनं लक्ष देऊन ऐकलं होतं.

ट्रेलर सावरला. कडेला थांबल्यावर मार्लिस उतरून गवतात बसली.

"हळूहळू घरी ने मला," ती म्हणाली. "त्यानंतर मी या गाडीत बसणार नाही. तुला जायचं तर एकटा जा."

ऑर्व्हल एकटा गेला नाही. जून गेला, जुलै गेला. ट्रेलर अंगणात उभा राहिला आणि त्याच्याभोवती गवत वाढलं. जेवताना दोघं हवामानाबद्दल बोलत. मला वाटलं, या दोघांचा प्रवास संपला आणि त्यात माझाही हात आहे. फार वाईट दिवस होते ते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ऑर्व्हलनं ट्रेलर सामानासकट आहे तसा जोडला आणि मुंगीच्या पावलानं गावातल्या धान्याच्या कोठीवर नेला. काट्यावर मक्याऐवजी घर चढलेलं पाहून तिथली माणसं हसली. तो हसला नाही. वजन निघालं माझ्या कुवतीच्या दुपटीजवळ. शिवाय अवजारांची जड पेटी आणि पाण्याची टाकी दोन्ही मागच्या टोकाला, म्हणजे डोलायला आयतं निमित्त. वजनाची चिठ्ठी घेऊन तो घरी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"माझं चुकलं, मार्लिस. आता काय घ्यायचं ते तू निवड."

मार्लिसनं चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि ती ट्वायलाकडे गेली. कुठली जोडणी किती वजन पेलते, पावसात कशी चालते, वाऱ्यात किती धरते, तिनं सगळं विचारलं. दोन दांड्यांची जोडणी तिनंच निवडली. पेटी पुढे आली आणि मी भिंतीवर आलो.

मित्रांनो, तुमच्याकडचं एखादं साधन करकरू लागलं तर त्याचं तोंड बंद करायच्या आधी त्याला काय झालंय ते विचारा. त्याला पेलेल तेवढंच ओझं द्या. मला तेल पाजल्याचा राग नाही. न पेलणारं ओझं मी मिरवलं, याची मात्र अजून लाज वाटते.

मला काढून भिंतीवर टांगलं त्या दिवशी गॅरेजचं दार उघडंच होतं. ऑर्व्हल गाडीत बसून वाट पाहत होता, हाक मारायचं धाडस त्याला होत नव्हतं. मार्लिस घराला कुलूप लावून आली, नव्या जोडणीला हात लावून तिनं ती हलवून पाहिली, आणि गाडीचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली.